माइसनचा हंस-संच आणि 18व्या शतकातली सागरी उठावाची युरोपीय चिनी माती : साचा, झिलई, पारख, निगा

मृत्तिका

माइसनच्या हंस-संचातल्या ताटलीचा समोरून, भरपूर उजेडात काढलेला फोटो पाहिला तर ती जवळजवळ कोरी वाटते. कडेला सोनेरी रेघ, काठावर कुलचिन्ह, इकडेतिकडे बारीक रंगीत फुले, बाकी सगळे पांढरे. उजेड एका बाजूने तिरपा पडला की मग खरे काम दिसते. मध्यातून काठाकडे पसरत गेलेल्या शिंपल्याच्या धारा, पाण्यात तरंगणारे दोन हंस, पाणकणसांत उभा असलेला एक बगळा आणि वरून उडत येणारा दुसरा. हे सगळे अगदी कमी उठावात, आणि तरीही हंसाच्या मानेचा वळसा स्पष्ट कळतो.

पार्श्वभूमी थोडक्यात. माइसन जर्मनीतल्या सॅक्सनीत, ड्रेस्डेनजवळ, कारखाना 1710चा. शिल्पी योहान योआखिम केंडलर 1731मध्ये तिथे आला. सॅक्सनीचा शासक दुसरा फ्रीड्रिश ऑगस्ट (पोलंडचा राजा म्हणून तिसरा ऑगस्ट) याचा मंत्री काउंट हाइनरिश फॉन ब्र्यूल याच्याकडे 1733पासून कारखान्याची देखरेख होती. त्याच्यासाठी केंडलरने 1737 ते 1742 या काळात हा संच घडवला, हाताखाली योहान फ्रीड्रिश एबरलाइन आणि इतर शिल्पी होते. 100 माणसांच्या पंगतीचा संच, 2200हून जास्त नग. हंस-बगळ्यांची जोडणी चित्रकार वेन्झेल होलारच्या जुन्या छापचित्रावरून घेतली आहे. शिंपले मात्र केंडलरने ड्रेस्डेनच्या राजसंग्रहात जाऊन खऱ्या शंख-शिंपल्यांवरून रेखाटले.

सूपच्या मोठ्या भांड्यांवर जलदेवता, डॉल्फिन, हंसावर बसलेली मुले. कपांचे कान जलपरीच्या आकाराचे. आपल्याकडे या भांड्यांबद्दल बोलणे निघाले की मालक, किंमत आणि बुडाचा शिक्का यांच्यावरच थांबते. माझ्या मते ही भांडी साच्यावरून आणि झिलईवरून वाचायला हवीत. ज्यांना भट्टीचे, दुरुस्तीचे, इंग्लिश कारखान्यांचे ज्ञान आहे त्यांनी इथे सविस्तर लिहावे.

समुद्रफेस

पहिला प्रश्न. शिंपल्याच्या धारा फक्त शोभेसाठी, की ताटली वाकू नये म्हणून? दुसरा, इतका बारीक उठाव झिलईखाली बुजत कसा नाही? इंग्लंडच्या त्याच काळातल्या वस्तूंवर असे कमी उठावाचे काम फारसे दिसत नाही. तिथे सगळे ठसठशीत, अंगावर येणारे शंख आणि खेकडे.

भट्टीवाला

समुद्रफेस, तुमच्या दुसऱ्या प्रश्नातच पहिल्याचेही बरेच उत्तर आहे. जरा लांबण लावतो.

माइसनची माती कठीण जातीची. अशा मातीचे ठोकळ प्रमाण निम्मे केओलिन (शुद्ध पांढरी माती), पाव फेल्डस्पार (भट्टीत वितळणारे खनिज), पाव क्वार्ट्झ (गारेची पूड). सुरुवातीला, ही माती माइसनला आणणाऱ्या योहान फ्रीड्रिश ब्योटगरच्या काळात, द्रावक (माती वितळायला मदत करणारा घटक) म्हणून अलाबास्टर हा जिप्समचा दगड वापरत. पुढे त्याची जागा फेल्डस्पारने घेतली. झिलईही जवळपास त्याच घटकांची. पहिली भाजणी साधारण 900 ते 950 अंश सेल्सिअस, यात वस्तू सच्छिद्र राहते आणि झिलईच्या पाण्यात बुडवली की पटकन शोषते. दुसरी भाजणी 1400च्या आसपास. तिथे माती आणि झिलई एकाच वेळी पिकतात, एकमेकींत मुरतात. झिलई घट्ट असते, फार वाहत नाही, थर पातळ राहतो. म्हणून पिसाची रेघ टिकते.

आता ताटलीची कृती. आधी मूळ नमुना. माती वाळताना आणि भाजताना मिळून लांबीत साधारण सहाव्या हिश्श्याने आटते. म्हणजे 24 सेंटिमीटरची ताटली हवी तर नमुना 28.5 ते 29 सेंटिमीटरचा करावा लागतो, आणि उठावही त्याच प्रमाणात जास्त खोल. नमुन्यावरून मुख्य साचा, मुख्य साच्यावरून प्रतिनमुना, त्यावरून प्लास्टरचे कामाचे साचे. मुख्य साच्यावर कधीच काम करायचे नाही, तो जपून ठेवायचा. ओल्या मातीतला क्वार्ट्झ प्लास्टर घासतो आणि काही डझन ताटल्यांनंतर बगळ्याच्या पायाची रेघ भोथरी होते. मग साचा टाकून द्यायचा. 2200 नगांच्या संचासाठी किती साचे झिजले असतील याचा अंदाज करा.

ताटलीचा साचा उभार असतो, म्हणजे ताटलीची वरची बाजू साच्याला टेकते आणि हंस साच्यात खोल कोरलेले असतात. एकसारख्या जाडीची लाटी त्यावर ठेवायची आणि ओल्या स्पंजाने मधून कडेकडे दाबत न्यायची. कडेकडून मध्याकडे गेलात तर हवा अडकते आणि नेमकी हंसाच्या छातीवर खळी पडते. मागची बाजू फळीच्या साच्याने फिरवून घासतात, पायकडे, म्हणजे ताटली ज्यावर टेकते ते बुडाचे कडे, तिथेच उठते. प्लास्टर पाणी ओढते, माती थोडी आटते आणि स्वतःहून सुटते. सुटायच्या आधी उपटली तर ताटली तिरकी होते. हाताने परत सपाट केली तरी 1400 अंशांत ती वाक आठवून पुन्हा वाकते. चिनी मातीला ही स्मृती फार असते.

वाळवणी सावकाश. काठ पातळ म्हणून आधी वाळतो, मध्य मागे राहतो, ताण पडतो आणि काठावरून आत जाणारी चीर पडते. म्हणून काठ ओलसर कापडाने झाकून ठेवतात.

आणि धारा? हो, त्यांचा उपयोग आहे. 1400 अंशांत वस्तू इतकी मऊ होते की रुंद काठ खाली लोंबतो. धारांमुळे काठाला ताठपणा येतो, पत्र्याला पन्हळ पाडल्यावर येतो तसा. पण मधला सपाट भाग धारांनी वाचत नाही. तिथे पायकड्याचा व्यास योग्य हवा, नाहीतर बूड खाली बसते.

मृत्तिका

भट्टीवाला, फार उपयोगी. सूपच्या भांड्यांवरच्या मूर्तींचे काय? हंसाची मान, डॉल्फिनची शेपटी हे तर एका साच्यातून निघणारच नाही.

भट्टीवाला

नाही निघत. आतल्या बाजूला वळलेला कुठलाही भाग साच्यात अडकतो. म्हणून मूर्ती कापून तुकडे करतात : धड, मान, पंख, शेपटी. प्रत्येकाचा वेगळा, दोन किंवा जास्त भागांचा साचा. तुकडे मातीच्याच पातळ रबडीने जोडतात आणि सांध्यावरची शिवण हत्याराने घासून पिसे पुन्हा रेखतात. हे जोडकाम करणारा कारागीर वेगळा असे, आणि एकाच नमुन्याच्या दोन प्रतींमध्ये जो जिवंतपणाचा फरक दिसतो तो त्याच्या हाताचा.

इथे तीन गोष्टी बिघडतात. एक, दोन तुकड्यांचा ओलावा वेगळा असेल तर जास्त ओला तुकडा जास्त आटतो आणि सांधा उघडतो, बहुधा मानेच्या मुळाशी. दोन, पोकळ भागाला हवेसाठी भोक न ठेवल्यास आतली वाफ तो फोडते. खऱ्या कामात हे भोक तळाशी किंवा न दिसणाऱ्या जागी सापडते. तीन, टेकू. बाहेर झेपावलेल्या हाताला किंवा मानेला भट्टीत टेकू लागतो. तो त्याच मातीचा आणि तेवढाच कच्चा हवा, म्हणजे वस्तूबरोबर तोही आटतो. आधी भाजलेला टेकू आटत नाही, वस्तू त्याच्यावरून खाली येते आणि तुटते.

रंग आणि सोने नंतर, तिसऱ्या भट्टीत, साधारण 750 ते 850 अंशांवर. सोने भट्टीतून मंद, निस्तेज निघते आणि अकीकाच्या दगडाने घोटून चकाकते.

गारगोटी

आता इंग्लंडकडे. समुद्रफेस यांचे निरीक्षण बरोबर आहे, आणि कारण मातीत आहे. 1740 आणि 1750च्या दशकांत इंग्लंडमध्ये केओलिनची खरी कठीण माती नव्हती. प्रत्येक कारखान्याने आपापली मऊ माती तयार केली. चेल्सीने काचेचे चूर्ण घातले, बोने हाडांची राख, वूस्टरने शंखजिरे. यांची माती आधी पक्की भाजत, मग त्याहून कमी तापमानाला शिशाची झिलई. ही झिलई माती पिकल्यावर वरून बसते, वाहते, खोबणीत साचते. चेल्सीच्या सुरुवातीच्या मालावर तर ती जाड साईसारखी दिसते. अशा झिलईखाली माइसनसारखा उठाव केला असता तर हंसाचे बदक झाले असते. म्हणून तिथल्या कारागिरांनी मोठे, पूर्ण घडीव आकार निवडले : पालथे-उताणे शंख, पोवळ्याच्या फांद्या, खडकावर चढलेला खेकडा. त्यांनी हे नाईलाजाने केले असे मी म्हणणार नाही. आपल्या मातीला काय शोभते ते त्यांना नीट कळले होते.

सगळ्यात चांगले उदाहरण चेल्सीच्या क्रेफिश मीठदाण्या, 1745 ते 1749 दरम्यानच्या. कारखान्याचा प्रमुख निकोलस स्प्रिमाँ हा लीएझहून लंडनला आलेला चांदीचा कारागीर. वेल्सचा राजपुत्र फ्रेडरिक याच्यासाठी केलेल्या सागरी चांदीच्या संचात त्याच्या 1742–43च्या मीठदाण्या आहेत, त्या आजही ब्रिटिश राजसंग्रहात आहेत. त्याच कल्पनेची चिनी मातीची आवृत्ती चेल्सीने काढली : उघडा शिंपला मिठासाठी, खाली खडक, बारके शंख, आणि कडेला चिकटलेला क्रेफिश. काही पांढऱ्याच ठेवल्या, काही रंगवल्या. या काळाची खूण मातीत कोरलेला त्रिकोण. पुढच्या खुणा क्रमाने : उठावाचा नांगर 1749–52, लाल नांगर 1752–56, सोनेरी नांगर 1756–69.

शेवंड

एक भर. क्रेफिश हा समुद्रातला जीव नाही. गोड्या पाण्याच्या ओढ्यांत राहतो. शेवंडाच्या दूरच्या नात्यातला, पुढच्या पायांना मोठ्या नांग्या. आपल्या किनाऱ्यावरच्या काटेरी शेवंडाला तशा नांग्या नसतात. स्प्रिमाँने तो समुद्री शिंपल्यांत आणि पोवळ्यांत नेऊन बसवला. चूक म्हणून नव्हे. तो युरोपच्या स्वयंपाकघरात रोज येणारा जीव होता आणि मिश्या, नांग्या, शेपटीच्या पट्ट्या यांचे रूप कारागिराला हवे तसे होते. मिठाच्या वाटीला त्याची सोबत जेवणाच्या टेबलावर अगदी स्वाभाविक.

पारखीसाठी : मिश्या आणि चालायचे पाय हे भाग स्वतंत्र वळून लावलेले असतात आणि जवळजवळ नेहमीच कुठेतरी मोडलेले सापडतात. सगळ्या मिश्या शाबूत असलेला नमुना दिसला तर आधी दुरुस्ती शोधा.

गारगोटी

शेवंड, सहमत. आणि दुरुस्ती शोधायला 365 नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च वापरा, अंधाऱ्या खोलीत. नंतर फासलेला रंग किंवा लाखेचा लेप मूळ झिलईपेक्षा वेगळा उजळतो, बहुधा पिवळसर किंवा दुधी.

साधा टॉर्च मागून धरूनही बरेच कळते. लाल नांगराच्या काळातल्या चेल्सीच्या ताटल्यांत उजेडाचे फिकट गोल ठिपके दिसतात. ते मातीत अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांचे. जाणकार त्यांना चंद्र म्हणतात. ते असले की चेल्सीच, असे मात्र धरू नका. इतर मऊ मातींतही कधीकधी दिसतात.

बोचे लोणच्याचे आणि मिठाईचे स्टँड पाहताना एक लक्षात घ्या. तीन मोठे शिंपले, वर एक छोटी वाटी, मधे बारके शंख आणि पोवळ्याचे तुकडे. ते बारके शंख खऱ्या शंखांवरूनच साचा घेऊन केलेले. प्लिमथला विल्यम कुकवर्दीने 1768मध्ये कठीण मातीचे पेटंट घेतले आणि असेच शंखांचे स्टँड केले. ही इंग्लंडमधली पहिली कठीण माती. भट्टी पुरती हातात नव्हती, त्यामुळे त्याच्या मालावर धुराची तपकिरी छटा, वाकलेले बूड आणि भट्टीतले तडे सर्रास असतात. तरी मला ते काम आवडते, कारण बोच्या तुलनेत शंखांच्या कडा किती धारदार निघाल्या ते शेजारी ठेवले की कळते. माती बदलली की काय बदलते याचा इतका सरळ पुरावा दुसरा नाही.

समुद्रफेस

मला मात्र रंगवलेले चेल्सीच जास्त आवडते. शंखावरचे जांभळे-तपकिरी ठिपके, पोवळ्याचा लाल. पांढऱ्या हंस-संचाला थंडपणा आहे.

मृत्तिका

आवडीला हरकत नाही, पण थंड म्हणू नका. माइसनमध्ये रंगकामाचा प्रमुख योहान ग्रेगोरिउस हेरोल्ड आणि शिल्पी केंडलर यांची ओढाताण जुनी. त्याआधीच्या ताटल्या म्हणजे चित्रासाठी सपाट पाटी. हंस-संचात फुले मुद्दाम बारीक आणि विरळ, पौर्वात्य वळणाची. उठाव झाकला जाणार नाही अशा जागी. अख्ख्या ताटलीचा विषय पाणी आहे आणि ते पाणी पांढऱ्यावरच्या सावलीने दाखवले आहे. मेणबत्त्यांच्या उजेडात, जिथे उजेड बाजूने आणि खालून येतो, हे काम आजच्या छतावरच्या दिव्यापेक्षा कितीतरी जास्त दिसत असणार.

कवडी

ओळखीबद्दल विचारायचे आहे. जुन्या वस्तूंच्या बाजारात एक कप-बशी आहे. उठावात जलदेव, घोडे, लाटा, सगळे रंगवलेले, बुडाला मुकुट आणि त्याखाली रोमन लिपीतला एन. विकणारा म्हणतो अठराव्या शतकातले कापोदिमोंते.

गारगोटी

कवडी, त्या नावाने घेऊ नका. कापोदिमोंतेचा राजकारखाना नेपल्सला 1743 ते 1759 चालला. नेपल्सचा राजा कार्लोस स्पेनच्या गादीवर गेला तेव्हा कारागीर आणि साहित्य माद्रिदला गेले. त्या कारखान्याची माती मऊ आणि खूण लिलीचे फूल. मुकुट आणि एन ही खूण 1771 नंतरच्या, राजा फेर्दिनांदोच्या कारखान्याची. आणि तुम्ही सांगता तो रंगीत पौराणिक उठाव मुळात फ्लॉरेन्सजवळच्या दोच्चिया इथल्या जिनोरी कारखान्याचा. तिथे 19व्या शतकात तो पुन्हा मोठ्या प्रमाणात काढला, मुकुट-एनची खूण लावून, आणि जर्मनीतही पुष्कळ नकला झाल्या.

हातात घेऊन पाहा : माती करडी-पांढरी आणि कठीण आहे का, कपाची आतली बाजू उठावाच्या मागे खळगे दाखवते की गुळगुळीत आहे, चेहऱ्यांची नाके-डोळे साच्यातून आले आहेत की फक्त रंगाने काढले आहेत. डोळे रंगाने वाचवले असतील तर साचा झिजलेला. वस्तू म्हणून आवडली तर 19व्या-20व्या शतकाच्या भावाने घ्या.

मृत्तिका

हंस-संचाबाबतही हाच धोका आहे. माइसन हा नमुना आजही काढते, 19व्या शतकातही काढला. एकमेकींना छेदणाऱ्या दोन निळ्या तलवारी ही माइसनची खूण सगळ्यांवर. तलवारींच्या मुठींमध्ये ठिपका असेल तर साधारण 1763–74चा काळ, म्हणजे ब्र्यूलच्या मूळ संचानंतरचा. तलवारींवर आडवी खरड असेल तर माल दुय्यम प्रतीचा म्हणून बाजूला काढलेला. 1739पासून घडवणाऱ्याचा आकडा मातीत दाबत. आणि मूळ ताटलीवर ब्र्यूल आणि त्याची पत्नी, कोलोव्राट घराण्यातली, अशी दोघांची जोडचिन्हे असतात.

मूळ संच लुसेशियातल्या फ्योर्टन इथल्या वाड्यात होता, आता ते पोलंडमधले ब्रोदी. 1945मध्ये बराचसा भाग फुटला किंवा विखुरला. तिथल्या बागेत नंतर तुकडे सापडले आहेत. आज ड्रेस्डेन, लंडन, न्यूयॉर्क अशा संग्रहांत नग आहेत. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात युरोपीय चिनी मातीचे दालन आहे. माइसनची माती आणि फ्रेंच माती शेजारीशेजारी बघायला ती जागा चांगली.

कवडी

धन्यवाद, बरीच मोठी रक्कम वाचली. घरात अशा उठावाच्या जुन्या ताटल्या असतील तर रचून ठेवाव्यात का? आणि धुण्याचे काय?

सांधेजोड

दुरुस्तीच्या बाजूने लिहितो.

रचणे : उठावाच्या ताटल्यांत मध्यावरचा सर्वात उंच भाग म्हणजे हंसाची मान किंवा शंखाचे टोक. वरच्या ताटलीचे पायकडे बिनझिलईचे, खरखरीत, आणि नेमके त्यावर बसते. प्रत्येक वेळी ताटली सरकली की उठाव आणि सोने घासले जाते. मधे पॉलिथिन फोमचा गोल तुकडा घाला, चार-पाचच्या वर रचू नका. रंगीत नमदा नको, दमट हवेत रंग उतरतो. भिंतीवर टांगायच्या स्प्रिंगच्या तारा काठाचे टवके काढतात आणि जुनी चीर वाढवतात.

धुणे : आधी दुरुस्ती आहे का ते बघा. जुने जोड सरसाचे असतील तर कोमट पाण्यात सुटतात. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात तर नुसत्या दमटपणानेही ढिले पडतात. दुरुस्ती नसेल तर प्लास्टिकच्या टबात टॉवेल अंथरून, कोमट पाणी, सौम्य साबणाचे थेंब, मऊ ब्रश. नळाखाली धरू नका. डिशवॉशर अजिबात नाही : क्षार आणि उष्णता झिलईवरचे रंग मंद करतात, सोने उडवतात. उचलताना कान, मान, झाकणावरची मूर्ती धरायची नाही. एक हात बुडाखाली.

डाग : कठीण मातीत डाग बहुधा चिरेतच असतो. मऊ मातीत टवक्यातून आत पसरतो. दोन्हीत आधी वस्तू ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवून घ्या, नाहीतर सुका अंश मळ आणखी आत ओढतो. मग सौम्य हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये भिजवलेला कापूस डागावर, वर प्लास्टिक, काही तासांनी बदलायचा. सोन्यापासून लांब. क्लोरीनचे ब्लीच कधीच नाही; त्याचे क्षार आत राहून नंतर फुलतात आणि झिलई उचलतात. जुन्या दुरुस्तीचे पितळी किंवा लोखंडी टाके असतील तर ओढून काढू नका, भोकापासून नवी चीर निघते.

जोडणे : कठीण मातीला काचेसाठीचे पातळ इपॉक्सी, ज्याचा अपवर्तनांक (प्रकाश त्यात किती वळतो याचा अंक) 1.52च्या आसपास, काचेसारखाच असतो, म्हणजे सांधा दिसत नाही. ते नेहमीच्या खोलीत घट्ट व्हायला आठवडाभर लागतो. तुकडे आधी कोरडेच जुळवून फितीने बांधायचे आणि मग चिरेच्या कडेला थेंब सोडायचा, तो स्वतः आत शिरतो. मऊ, सच्छिद्र मातीला हे चालत नाही, ती गोंद पिऊन डाग धरते. तिथे ॲसिटोनमध्ये विरघळवलेले ॲक्रिलिक रेझिन, जे पुन्हा काढता येते. झटपट चिकटणारा गोंद दोन्हीकडे टाळा, तुकडा एक केस सरकला तरी पुढचे सगळे तुकडे बसत नाहीत.

समुद्रफेस

आणि वापर? बो किंवा वूस्टरच्या शिंपल्याच्या वाटीत लोणचे वाढले तर?

सांधेजोड

नको. त्या वाट्या लोणच्यासाठीच केल्या होत्या हे खरे, पण झिलई शिशाची आहे, आणि आंबट रस शिसे सोडवतो. झिलईला बारीक तडे असतील तर तेल आत जाऊन कायमचे पिवळे पडते. माइसनची झिलई शिशाची नाही, मात्र तिच्यावरच्या रंगांत शिशाचा द्रावक असतो, म्हणून रंगीत भागावर लिंबू-व्हिनेगर नको. कोरडी मिठाई, तीही कागदी जाळी घालून, ठेवायला हरकत नाही.

भट्टीवाला

कुणाला स्टुडिओत शिंपल्याच्या उठावाची ताटली करून बघायची असेल तर सुरुवात 12–14 सेंटिमीटरच्या वाटीपासून करा. पंख्याच्या आकाराचा खरा शिंपला घ्या, साबणाच्या पाण्याचे दोन-तीन हात द्या, प्लास्टर ओता. लाटी 5 मिलिमीटर. आपल्याकडच्या बहुतेक स्टुडिओ-भट्ट्या 1220 ते 1280 अंशांपर्यंत जातात, म्हणून त्या तापमानाची तयार पोर्सेलिन माती आणा. 1400ची कृती तिथे पिकणार नाही. झिलई पारदर्शक, नेहमीपेक्षा पातळ कालवलेली, एकदाच आणि पटकन बुडवायची. धारांच्या खोबणीत दाट साचली तर ब्रशने नव्हे, वाळल्यावर बोटाने घासून काढा. आटण्याचे प्रमाण मातीच्या पाकिटावर लिहिलेले असते, पण स्वतःची पट्टी काढून तपासा : ओल्या मातीच्या पट्टीवर 10 सेंटिमीटरची रेघ ओढा, भाजल्यावर मोजा.